रुडिगरची मुकी पेटी

बर्लिनमधला आमचा शेजारी रुडिगर, निवृत्त ट्रामचालक. सुटे भाग मागवून, डाख देऊन विजेवर वाजणाऱ्या सूरपेट्या बनवायचा. नवी पेटी मुकीच राहिली, तसा त्याचा संशय विब्केवर गेला. शेजारी बसून डाख देणारी ती त्याची एकुलती एक मैत्रीण.

“तिनंच माझी चिप बदलली, मावशी. आता तिला दार उघडायचं नाही.”

“आधी विचार तरी, मेल्या!”

तेवढ्यात विब्केच केक घेऊन आली. दार मीच उघडलं. पेटीत डोकावून ती हसली. “अरे वेंधळ्या, चिप उलटी बसवलीस, जळली ती!” तिनं पर्समधली आपली चिप लावली. पेटी गाऊ लागली.

रुडिगरनं तिला केकचा मोठा तुकडा दिला आणि माझ्या कानात पुटपुटला, “मावशी, अशी चिप पर्समध्ये घेऊन कोण फिरतं?”