हळदीच्या दिवशीची मालगाडी

माणूस एकतर ड्यूटीवर असतो, नाहीतर विश्रांतीवर. तिसरी अवस्था देवानं निर्माणच केलेली नाही, असं छातीठोकपणे मानणारा इसम सगळ्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे साडू आहेत. मिरजेच्या जंक्शनात मालगाड्यांवर ड्रायव्हर आणि गार्ड नेमायचं काम ते तीस वर्षं करताहेत. मालगाडीला वेळापत्रक नसतं. ती यायची वर्दी आली, की कुणाची विश्रांती पुरी झाली आणि रांगेत पुढं कोण, हे बघून साडूभाऊ फोन लावतात आणि त्या माणसाला दोन तासांत हजर व्हावं लागतं. हल्ली हे सगळं संगणक करतो, पण साडूभाऊंनी आपली वही सोडलेली नाही. "कुणाच्या घरात काय चाललंय, त्ये संगणकाला कुठं ठावं आस्तंय?" असं त्यांचं म्हणणं. एका ड्रायव्हरनं म्हैस व्यायली म्हणून सुट्टी मागितली, तर हे वही चाळून म्हणाले, "मागल्या म्हैन्यात बी व्यायली हुती की रं! म्हशीला विश्रांती दे आन् तू ये."

नातेवाइकांनाही ते याच मापानं मोजतात. एकदा माझा मुलगा त्यांना आणायला साताऱ्याहून मोटार घेऊन गेला. दारातच प्रश्न आला, "रात्री किती वाजता झोपलास?" पोरगं खरं बोललं, "एकला." झालं! त्याला आतल्या खोलीत निजवून साडूभाऊंनी बाहेरून कडी घातली आणि इकडं आम्ही पुरणपोळ्या झाकून संध्याकाळपर्यंत उपाशी बसलो.

अशा माणसानं जावई केला तोही मालगाडीचाच ड्रायव्हर, त्याचं घर साताऱ्यात. लग्नही साताऱ्यातच होतं. हळदीच्या दिवशी सकाळी मुलीकडची सगळी मंडळी आमच्या घरी जमलेली. साडूभाऊ पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सहज म्हणाले, "नवरदेव सातला मिरजेतनं निघाला. रिकाम्या वाघिणींची मालगाडी घेऊन."

मेहुणीच्या हातातलं ताट खाली पडलं. जावयाची रजा दुसऱ्या दिवसापासून होती हे खरं, पण लग्नाच्या आदल्या दिवशी सासऱ्यानंच, तेही आमच्या घरून फोन लावून, त्याला गाडीवर घालावं?

"आवं, तेवढा एक गाळला आस्ता तर काय झालं आस्तं?" ती कडाडली.

"त्याच्या मागचा गेला आस्ता. त्या गड्याच्या आईचं वर्षश्राद्ध हाय आज."

हिशेब त्यांनी असा सांगितला, की नऊ तास भरले की ड्रायव्हरला उतरवावंच लागतं. चारला ते भरणार, तेव्हा गाडी साताऱ्यात असणार आणि तिथं ड्रायव्हर-गार्डची बदलीची जोडी उभी असणार. पण गाडी वेळेच्या पुढं पळाली तर? मग ती सातारा ओलांडून नवरदेवासह पुण्याकडं जाणार, तिथं त्याची सक्तीची विश्रांती, आणि तो परत येईपर्यंत मुहूर्त टळलेला. शिवाय नवऱ्याची उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, त्यामुळं पोरगी पाटाजवळ फोन धरून बसलेली.

दहालाच बातमी आली, गाडी कराडात! आमच्या घरात रडारड सुरू झाली. मेहुणीनं देव पाण्यात घातले. गाडी लेट व्हावी म्हणून देव पाण्यात घालणारं जगातलं हे पहिलं घर असावं. मी स्वतः, एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर स्टेशनमास्तरशी भांडणारा माणूस, हात जोडून लाल सिग्नल मागत होतो. साडूभाऊ मात्र दुसऱ्यांदा पोहे घेत म्हणाले, "मसूरला बाजूला घेत्यात बघा. दोन एक्स्प्रेस जायच्यात."

आणि खरंच, मसूरला गाडी थांबली. पुढं रहिमतपूरला थांबली. आम्ही टाळ्या पिटल्या. चाराला दहा कमी असताना ती माहुलीच्या, म्हणजे आमच्या साताऱ्याच्याच, स्टेशनात शिरली. उरलेल्या दहा मिनिटांत पुढचं स्टेशन गाठणं शक्य नव्हतं, म्हणून बदलीच्या जोडीनं गाडी घेतली आणि माझ्या मुलानं नवरदेवाला उचलून थेट त्याच्या घरच्या मांडवात नेलं. आंघोळीचा आग्रह कुणी धरला नाही. इंजिनाच्या धुळीवरच हळद लागली आणि तासाभरात उष्ट्या हळदीची वाटी आमच्या दारात आली. मेहुणी मला मिठी मारायचीच राहिली होती. इतका जीव भांड्यात पडला होता.

आत बायकांनी गाणं धरलं. साडूभाऊ अंगणात पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, खरं सांगा, गाडी पळाली असती तर?"

ते दारातून आत पोरीकडं बघत होते. तिच्या गालांवर हळद चढत होती.

"तीस वर्षं फोन लावतोय," ते म्हणाले. "ड्रायव्हर झोपल्याला आस्तोय, फोन उचलत्यात बायका. 'हॅलो' म्हणायच्या आधीच त्यांस्नी कळतंय, आता ह्यो आपल्या माणसाला घेऊन जाणार. कुणाला मी कवा धड बोललो न्हाई. म्हटलं, उठवा, गाडी हाय."

मग म्हणाले, "आता फोनवर तिकडनं हिचा आवाज येणार. आधी 'त्याला उठव' म्हणायचं, का 'जेवलीस का' इचारायचं, त्येच अजून ठरंना बघा."