घमेल्यातल्या हातोड्या

१९८८ साली मी बावन्न वर्षांचा होतो. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई तेव्हा चाळिशीच्या असतील. कुणी काहीही सांगो, मान तिरकी करून म्हणायच्या, "असं का? बघू तरी."

बाई वसईच्या. रोज एसटीने भिवंडीला यायच्या. एका दुपारी नारपोलीला आमच्या लूमच्या कारखान्यात आल्या आणि हातरुमालातून एक बारीक लाकडी हातोडी काढली. दांडीच्या टोकाला नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं बोंड, झिजून चपटं झालेलं.

"मिस्त्री, पियानोत अशा ऐंशीच्या वर आहेत. नवी बोंडं मुंबईहून आणलीत. जुनी काढून ही चिकटवाल?"

मागून एक कारीगर ओरडला, "मिस्त्री, अब बाजा भी बनाओगे क्या?"

"गप रे! लूम बांधणारा माणूस मी. हे तर खेळणं हाय."

खेळणं नव्हतं ते. स्नेहसंमेलनात पियानो वाजला नाही तर तो विकायचा आणि गाण्याचा तासही बंद, असं मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. तास गेला की बाईंची नोकरी गेली. हे मला शाळेच्या शिपायानं सांगितलं, बाई कधी बोलल्या नाहीत.

आता माझा प्रताप ऐका. एका लूमचा भाग दुसऱ्या लूमला चालतो, ती माझी सवय. शाळेच्या हॉलमध्ये जाऊन पियानोतल्या सगळ्या हातोड्या सोडवल्या आणि एकाच घमेल्यात टाकल्या. दांड्यांवर पेन्सिलीचे बारीक आकडे होते. पोरांच्या रेघोट्या समजून पॉलिशपेपरने घासून काढले. चकाचक! मग चार परत लावून बघितल्या. एक शेजारच्या तारेवर आपटली, दुसरी दोन तारांच्या मधल्या फटीत. प्रत्येक दांडीचा कल वेगळा होता, तिची जागा ठरलेली होती आणि ते आकडे त्याच जागेचे होते.

तरी बाईंना म्हणालो, "तुमचा बाजाच वाकडा हाय."

"असं का? बघू तरी."

घमेल्यातली एक दांडी उचलून त्यांनी घासलेल्या जागेवर बोट फिरवलं. समजलं त्यांना. पदर खोचला आणि हॉलच्या फरशीवर बसल्या.

"हे पाहा मिस्त्री, बोंडावरची ही खाच तारेची. एकच खाच असेल तर जाड आवाजाची. दोन असल्या की त्यापुढची. तीनवाल्या पार वरपर्यंत."

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं नेमकी जागा कशी कळणार? पण बाई झीज बघायच्या.

"ही सगळ्यांत भुगा झालेली, ही मधली. प्रत्येक पोरीच्या पहिल्या बोटाचा मार हिनं खाल्लाय."

"आन् ही कोरी?"

"हिच्यापर्यंत अजून कुणी पोचलंच नाही," म्हणाल्या आणि हसल्या.

अशा तीन दुपारी गेल्या. चुकली की बदलायची, परत लावून बघायची. जागा सापडली की मी जुनं बोंड काढायचो आणि तोच कल धरून सरसाने नवं बसवायचो.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या. "अजून पसाराच?"

"माझी चूक," बाई म्हणाल्या. "मी मिस्त्रींना आकड्यांचं सांगितलंच नाही. माझ्याच हातून पुसले गेले."

"संमेलन होऊ दे, मग तुमच्याकडे बघते."

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होतो. सरसाच्या डब्यात ब्रश फिरवत राहिलो.

संमेलनाच्या संध्याकाळी मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. पोरी गात होत्या, बाई वाजवत होत्या. एकही हातोडी अडकली नाही, एकही चुकीच्या तारेला लागली नाही. शेवटचं गाणं झालं आणि किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला. त्या रात्री पोटभर जेवलो आणि सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

त्याच शाळेतून बाई पुढे निवृत्त झाल्या. आता त्या नाहीत. वसईहून निरोप आला तेव्हा मी म्हातारा झालो होतो, मातीला जाणं जमलं नाही.

पण संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. ड्युटीला गेलो नाही. इस्त्रीचा शर्ट घातला आणि मुख्याध्यापिकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही.

"बाई तुमच्याशी खोटं बोलल्या," मी म्हणालो. "आकडे मी पुसले."