पाहुणे वाफ्यात

शहापुरातल्या आमच्या घरामागचे दोन्ही पॉवरलूम आप्पांनी विकले, त्यानंतर घर एवढं गप्प झालं की आम्ही तिघं शांततेतही ओरडूनच बोलायचो. मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून मीठ मागायची सवय इतक्या वर्षांची, ती सुटेना. गल्लीतल्यांना वाटायचं, यांची रोज भांडणं.

माझे वडील म्हणजे आप्पा रिकामे बसून वाळायला लागले होते. मी तेव्हा एका शाळेत गणित शिकवत होते. घरच्यापुरती भाजी लहानशा जागेत, खताची पिशवी न आणता कशी पिकवायची, हे मी मोबाइलवर बघितलं होतं. एका रविवारी पत्र्याची शेड उतरवली, फरश्या उचलल्या. खाली तांबडी जमीन निघाली, विटेसारखी घट्ट.

"आप्पा, फावडं दोनदा बुडंल एवढं खोल खणायचं," मी म्हणाले.

"हीर पाडायची हाय का?"

पण खणायला लागले, आणि एकदा हात लागल्यावर थांबेनात. शेजारच्या म्हाताऱ्या अण्णांनी भिंतीवरून विचारलं, "संडासाची टाकी व्हय?" आप्पा मजेत "व्हय" म्हणाले. पुढं कितीतरी दिवस गल्ली टाकीची वाट बघत होती.

वाफ्याच्या कडेला आम्ही वाळका पाला, भाज्यांची देठं आणि गवळ्याकडचं शेण थरावर थर रचलं. खताचा ढीग आतून तापला आणि थंडीच्या सकाळी त्यातून वाफा निघायला लागल्या. आईनं आग लागली म्हणून हंडाभर पाणी ओतलं. आप्पा हसता हसता उंबऱ्यावर बसले. माग विकल्यापासून त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

रोपं आम्ही सरळ ओळीत न लावता आडवीतिडवी, जवळजवळ लावली. पानाला पान भिडलं की खाली ऊन पोचत नाही, ओल टिकते, तण उगवत नाही. आणि मग ते सगळं जे काही उठलं, ते सांगताना अजून मला हसू येतं. लाल माठ, मेथी, मुळा, नवलकोल, वांगी. दुधी तर न्हाणीच्या पत्र्यावर चढून बसला. आई पहाटे उठून आधी वाफा बघायची, मग चूल. खाऊन संपेना म्हणून गल्लीत वाटायला लागलो. वाटून वाटून अशी वेळ आली की माझ्या हातात पिशवी दिसली की लोक दार लोटून घ्यायचे.

त्याच थंडीत मला बघायला पाहुणे आले. निपाणीकडच्या गावचे, तंबाखू आणि ऊस करणारे. दहा-बारा माणसं सकाळच्या बसनं उतरली. चहा-पोहे झाले आणि बातमी आली, कसल्याशा फलकाच्या वादावरून गावात बंद पुकारलाय. खडेबाजारातल्या दुकानांची दारं धडाधड खाली आली, बस थांबल्या. पाहुणे अडकले, आणि आईच्या घरात दुपारच्या जेवणाला बाजारातलं काहीच नव्हतं.

"भाजी कुठली आणू गं आता?" आईनं मला कोपऱ्यात नेऊन विचारलं. विचारलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसायला लागलो. थांबताच येईना. मी टोपली घेऊन मागं पळाले, जरीच्या साडीत.

माझ्यामागं मुलाचे वडील आले. वाफा बघून चप्पल काढली, उकिडवे बसले आणि मातीत बोटं घातली. बोटं गेली, मनगट गेलं.

"पावणं," त्यांनी आप्पांना हाक मारली, "हितं हात कोपरापतोर जातोय. नांगर घातला हुता काय?"

"नांगर कशाला? मीच हाय की," आप्पा म्हणाले.

झालं. दोघं वाफ्याच्या कडेला मांडी घालून बसले ते उठेनातच. घरातले बाकीचे पाहुणे एकेक करून मागं आले. मुलगी बघायचा कार्यक्रम होता हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. त्याला आईनं दुधी काढायला पत्र्यावर चढवला, आणि शिडी धरायला मला उभं केलं.

"पडलो तर?" वरून त्यानं विचारलं.

"पडा की. खाली लई मऊ हाय."

तो एवढा हसला की हातातला दुधी सुटला आणि थेट त्याच्या वडिलांच्या खांद्यावर आपटला. ते म्हणाले, "वजनदार हाय," आणि परत आप्पांशी खताचं बोलायला लागले.

मुलाची आई माझ्याशेजारी मेथी खुडत होती. तिनं दिवसभरात मला एकच प्रश्न विचारला.

"कापली तर परत फुटती का गं ही?"

"फुटती. मुळासकट उपटायची न्हाय, एवढंच."

"आमच्यात तंबाखू नि ऊस. भाजी सगळी इकत," ती म्हणाली. थोड्या वेळानं जुडी हातात तोलून म्हणाली, "पसंत हाय."

मेथी की मी, हे मला कळेना. आईनं मात्र देवापुढं साखर ठेवली.

अंगणात पंगत बसली. वांग्याचं भरीत, मेथीची भाजी, दुधीचा रस्सा, मुळ्याची कोशिंबीर, भाकरी. संध्याकाळी बस सुटल्या तेव्हा पाहुण्यांच्या पिशव्या फुगल्या होत्या, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर हिरवे डाग होते. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "डाग जात न्हाईत," म्हणाला. मी म्हटलं, "जाऊ देऊ नका." पुढं बोलायला फारसं उरलं नाही.

लग्नात मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मागितलं ते एकच. रुखवतात लाडू-चकल्यांच्या शेजारी आप्पांनी झाकणाची बादली ठेवली, आत ओल्या शेणातली गांडुळं. मामांनी मांडवातच झाकण उघडून सगळ्यांना दाखवली. एक करवली किंचाळून पळाली. बाकीच्या बायका आधी मागं सरकल्या आणि मग वाकून वाकून बघायला लागल्या.

हातावरची मेंदी उतरायच्या आत मी सासरच्या परसात फावडं धरलं. एका बाजूनं नवरा खणत होता, दुसऱ्या बाजूनं मामा, आणि पहिला वाफा कुणाचा यावरून दोघांची जुंपली होती.