बंगला नंबर चारची जिरेनियम

"सावे, त्या मेलेल्या काड्या उपटा आणि तिथं क्रोटन लावा. पुढच्या महिन्यात बड्या पाहुण्यांची व्हिजिट आहे."

आमच्या इस्टेट ऑफिसरांनी वाफ्याकडे छडी दाखवत मला हुकूम सोडला. तारापूरला मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. जवळच बोईसरला परदेशी इंजिनिअरांची कॉलनी होती, तिथं मी हॉर्टिकल्चर असिस्टंट होतो.

बंगला नंबर चारच्या बाईंनी उटीच्या नर्सरीतून जिरेनियमची अकरा मुळं मागवली होती. कुंडीत दिसतं ते जिरेनियम नव्हे. हे थंड डोंगराळ हवेतलं. जमिनीलगत पसरतं, निळसर जांभळी फुलं देतं, पण वाढायला फार सावकाश. बाईंच्या आईच्या बागेत हीच फुलं असायची. आई वारली तेव्हा बाई इथं बोईसरला होत्या, जाता आलं नव्हतं. दीड वर्षात त्या मायदेशी परत जाणार होत्या. त्याआधी एकदा फूल बघायचं होतं, एवढंच त्यांचं मागणं.

आणि पानांच्या कडा करपत चालल्या होत्या. मी पाणी वाढवलं. आणखी करपल्या.

"सल्फेट टाका मग," साहेब म्हणाले.

"नको सर. खतानं नुसता पाला येईल. मला थोडा वेळ द्या."

"व्हिजिटपर्यंत. नंतर क्रोटन."

माझ्या हाताखाली सोमीबाई होत्या. वाणगावच्या पुढच्या पाड्यावरच्या, रोजावर काम करायच्या. घरी डोंगरउतारावर नागलीचा तुकडा. त्यांनी वाफ्यातली चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि थुंकल्या.

"सायेब, ही रेती कुठली?"

"किनाऱ्यावरची. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मीच मिसळली."

"खारी हाय. झाडाचा दोष नाय."

मी डिप्लोमावाला. कानशिलं तापली. पण सोमीबाई खरं बोलत होत्या.

त्याच दिवशी आम्ही अकराही रोपं उचलली. मुळं गोड्या पाण्यात धुतली. सूर्या नदीची रेती मागवली, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत घातलं आणि बंगल्याच्या पूर्वेला उंच वाफा केला. सकाळचं ऊन मिळेल, दुपारी भिंतीची सावली. पाणी बोटभर माती सुकल्यावरच. साहेबांना मी चूक माझी म्हणून लिहून दिलं. व्हिजिट आली आणि गेली. पाहुण्यांनी वाफ्याकडे पाहिलंही नाही, त्यामुळे क्रोटन टळले.

पुढचे कितीतरी महिने काही घडलं नाही. रोपं होती तेवढीच. बाई रोज विचारायच्या, मी रोज सांगायचो, "रूट्स, मॅडम. फर्स्ट रूट्स." पावसाळ्यात सोमीबाईंनी माडाच्या झावळ्यांचं छप्पर बांधलं, मुसळधार सरी थेट रोपांवर पडू नयेत म्हणून. तरीही चार रोपं कुजली. सात राहिली.

दिवाळीनंतर हवा गार झाली आणि ती सात पसरायला लागली. बाईंचं सामान पेट्यांत भरलं जात होतं. जानेवारीत एका सकाळी सोमीबाई धावत ऑफिसात आल्या.

"सायेब, चला! कळी फुटली!"

मी गेलो तेव्हा बाई वाफ्यापाशी मातीतच बसल्या होत्या. रुपयाएवढं एक फूल उघडलं होतं.  हे कुणी केलं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी सोमीबाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी त्यांचे मातीचे हात हातात घेतले. सोमीबाई लाजून म्हणाल्या, "आमी काय केला? त्याला बरा वाटला म्हणून फुलला."

बाई जाईपर्यंत तेवीस फुलं आली. मी मोजली होती.

त्या वर्षी मी सोमीबाईंची शिफारस केली. मजूर म्हणून लागलेल्या बाई कॉलनीतल्या पहिल्या महिला माळी झाल्या. माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्या शिफारसपत्राचा.

नव्या असिस्टंटला मी नंतर एवढंच सांगायचो: पहिल्या वर्षी झाड मुळं धरतं. तेवढे दिवस साहेबांना दुसरीकडे फिरवून आणावं.