कटिंगच्या टेबलातून गेलेला खांब

मीरा रोडला शांती नगरच्या तोंडाशी एका जुन्या ऑफिस बिल्डिंगमध्ये बाबांचा शिलाईचा गाळा आहे. त्या बिल्डिंगच्या डोक्यावर आता राहत्या घरांचा टॉवर उभा आहे आणि त्याचे खांब कुठून न्यायचे हे मी ठरवलंय. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे तुम्ही इंटिरियर करता का? मग मी त्यांना बसवून सगळं ऐकवते. तेवढा तोरा मला आहे.

जुन्या खांबांना वरचं वजन झेपणार नव्हतं. म्हणून नवे खांब जमिनीपासून उठवून, ऑफिसांच्या मधून गच्चीच्या वर न्यायचे आणि खालचे धंदे शक्यतो चालू ठेवायचे असं ठरलं. नकाशावर सगळं बसलं, फक्त एक खांब नेमका बाबांच्या कटिंगच्या टेबलातून जात होता. ते टेबल रत्नागिरीहून आणलेलं, एकसंध फणसाच्या फळीचं. त्याच्याखाली चिंध्यांत मी लहानपणी झोपलेय, त्याच्यावर दहावीचा अभ्यास केलाय. बाबा त्याच्यावर कुणाला चहाचा कप ठेवू देत नाहीत.

खांब थोडा सरकवता आला असता. पण मग तो शेजारच्या इन्शुरन्सवाल्याच्या दारात आला असता. हाच माणूस जिन्यात सगळ्यांना सांगत होता, "बेटी इंजिनियर है, अंकल का गाला तो बचेगा ही." ते ऐकून माझं डोकं फिरलं. वशिल्याने काम करायचं असतं तर रात्रंदिवस शिकले कशाला?

खांब टेबलातूनच जाणार, हे घरी जेवताना मी बाबांना सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात धुतले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. मीही त्यांचीच मुलगी, मीही गप्प राहिले. आई बिचारी एकाच स्वयंपाकघरात दोघांचे निरोप पोचवत होती. सगळ्या गाळेवाल्यांची संमती लागणार होती आणि बाबांची तेवढी आली नव्हती. ते नाही म्हणाले असते तर टॉवर अडला असता आणि माझं पहिलं मोठं कामही गेलं असतं.

गाळेवाल्यांची मीटिंग गच्चीवर झाली. मी नकाशा लावला, एकेक खांब दाखवला. बाबांच्या गाळ्यावर बोट ठेवलं तेव्हा त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सगळे मात्र त्यांच्याकडेच बघत होते. बाबा उभे राहिले.

"टेबल मी कापून घेतो," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही खांब हलवू नका."

मला ते आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होते. इन्शुरन्सवाला मोबाइलमध्ये बघायला लागला. मी पुढचा खांब दाखवला.

टेबल कापलं त्या दिवशी बाबा गाळ्यावर गेले नाहीत. आता खांबाच्या दोन बाजूंना त्याचे दोन तुकडे आहेत. लांब कापड पसरायला अडचण होते आणि बाबा ती कुरकुर रोज मला ऐकवतात. मला ते ऐकायला आवडतं. ट्रायलचा आरसा त्यांनी त्याच खांबाला लावलाय. वर लोक राहायला आलेत, त्यांच्या साड्या फॉल लावायला खाली बाबांकडे येतात.

यंदा दसऱ्याला मी झेंडूचे हार घेऊन गाळ्यावर गेले. दरवर्षी मोठा हार मशीनला असतो, कात्रीला सुटी फुलं. बाबांनी या वेळी मोठा हार घेतला, स्टुलावर चढले आणि खांबाला बांधला. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, आज तर अवजारांची पूजा, मग खांबाला हार कशाला?

"आमच्या मुलीचं अवजार आहे ते," बाबा म्हणाले आणि माझ्या हातातून कुंकवाची कोयरी घेतली.