मायाबंदरची घागर

अमळनेरच्या पोस्टात टपाल छाटणाऱ्या चुडामणने १९८९ साली सरकारी प्रवास-सवलतीचा अर्ज भरला आणि ठिकाण म्हणून अंदमान लिहिलं, तेव्हा अख्ख्या ऑफिसने त्याची खेचली. लोक काश्मीरला जायचे, कन्याकुमारीला जायचे. हेडक्लार्क म्हणाले, "चुडामणभाऊ, असा काय गुन्हा केलात, की आपल्या पायांनी काळ्या पाण्यावर निघालात?" सगळे हसले. चुडामणही हसला, पण तो शब्द त्याला दिवसभर टोचत राहिला.

कारण गुन्हा होताच.

चुडामण चार वर्षांचा असताना त्याचा बाप, पुना, एका लाकडाच्या ठेकेदाराबरोबर अंदमानला गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला. आधी चिठ्ठ्या आल्या, मग त्याही आटल्या. माय तानुबाईने लोकांच्या कपाशीत निंदणी करून पोराला शिकवलं. विसाव्या वर्षी, १९७४ साली, तो पोस्टात लागला. महिना-दोन महिन्यांतच टपाल छाटताना स्वतःच्या घरचं एक कार्ड त्याच्या हाताला लागलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. असं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि अंघोळ करून घरात शिरायचं. अंदमानातल्या मायाबंदरहून बापाच्या कुणा सोबत्याने मोडक्या हिंदीत लिहिलं होतं की पुनाभाई तापाने गेले, समुद्रकाठी अग्नी दिला. चुडामण कार्ड खिशात घालून घरी आला, तर दारात कासारीण बसलेली. पोराच्या पगाराच्या खुशीत माय हातभर हिरव्या बांगड्या भरून घेत होती. हात पुढे करून म्हणाली, "देख रे, कश्या दिखतीस?"

त्या बांगड्या फोडायला लावणारं कार्ड त्याच्याने काही खिशातून निघालं नाही. त्याने ते आपल्या पेटीत शाळेच्या दाखल्याखाली दडवलं. मायला अक्षरओळख नाही, म्हणून गडी निर्धास्त! फाडून टाकायची अक्कलही त्याला सुचली नाही. बापाचं तेवढंच तर उरलं होतं.

आता आखाजी. बाकी मुलुखात ती अक्षय्य तृतीया असेल, खानदेशात ती दिवाळीच्याही वरताण. लेकीबाळी झोक्यांवर गाणी म्हणतात, आणि घरोघर मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. त्या दुपारी पितर येतात, पाणी पिऊन तृप्त होऊन जातात. ज्याच्या नावाची घागर नाही, तो आला तसा जातो.

तानुबाई सासू-सासऱ्यांची घागर भरायची. शेजारची आक्काबाई दरवर्षी विचारायची, "तानुबाई, पुनाभाऊनी घागर कव्हय भरशात?"

"ज्यानी मरानी चिठ्ठी उनी नई, त्यानी घागर मी कसाले भरू?" तानुबाई म्हणायची, आणि म्हणताना एकदा चुडामणकडे बघायची.

कार्ड आल्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला, भर दुपारी, चुडामणला बाप दिसला. पायरीखाली उभा, ओठ तडकलेले, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलेली. चुडामण तांब्या घेऊन धावला, तोवर पायरीवर नुसतं ऊन होतं. मायला दिसला नाही, पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही कधी दिसला नाही. चौदा आखाज्या तो असाच येत राहिला. त्या दिवशी चुडामणने कितीही पाणी प्यायलं तरी घशाची कोरड जात नसे. घरात बापाच्या नावाने घागर भरावी तर मायचं कुंकू पुसणार, न भरावी तर बाप तहानेला. शेवटी त्याने ठरवलं, जिथे बाप जळला तिथेच जायचं आणि मायच्या नकळत भरायची. म्हणून अंदमान.

पण अर्जात आश्रित म्हणून मायचंही नाव होतं. "माले बी लई चाल," ती म्हणाली. "मन्हं बी नाव शे ना त्या कागदवर?" नाही कसं म्हणणार?

मद्रासहून तीन दिवसांची बोट. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आतडी ओकली. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईने, म्हणजे चुडामणच्या बायकोने, शेव आणि कळण्याच्या भाकरी काढल्या, आणि दहा वर्षांची कुमुद उडते मासे मोजायला लागली. तानुबाई मात्र मांडीत एक तांब्याचा गडू धरून बसली होती, तोंडाला फडकं बांधलेला. त्यात गावच्या बोरी नदीतल्या झिऱ्याचं पाणी होतं. बोटीतल्या पाण्याला गंजाचा वास यायचा, म्हणून कुमुदने दोनदा मागितलं. "ते देवनं पानी शे," म्हणून आजीने नातीलासुद्धा थेंब दिला नाही.

पोर्ट ब्लेअरहून ते लहान बोटीने बेटाबेटांतून वर निघाले. पांढरी रेती, पाण्यापर्यंत वाकलेली झाडं, आणि समुद्र असा निळा की प्रमिलाबाई म्हणाली, "एवढी नीळ कुनी पांढऱ्या कपडासले बी घालत नई." कुमुद टाळ्या पिटत होती. चुडामणला यातलं काही दिसत नव्हतं. बोट धक्क्याला लागली की गर्दीच्या टोकाला बाप उभा असायचा, ओंजळ करून. बोट सुटायची, पुढलं बेट यायचं, तिथे तो आधीच पोचलेला. चहूकडे एवढं पाणी, आणि त्यातलं घोटभर पिण्याजोगं नाही. चुडामणला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

आखाजीच्या सकाळी बोट मायाबंदरला लागली. "चहाचं बघतो," असं सांगून तो पिशवी घेऊन निसटला. पिशवीत अमळनेरहून कपड्यांत गुंडाळून आणलेली लहानशी मातीची घागर होती. किनाऱ्याला माणूस नव्हतं. त्याने घागर रेतीत टेकवली आणि कपाळावर हात मारला. भरायला गोडं पाणीच आणलं नव्हतं! पंधरा वर्षं तहानेचा विचार केला, आणि पाणी विसरला.

"हाई ले," मागून आवाज आला. तानुबाई गडूचं फडकं सोडत उभी होती.

चुडामण गर्रकन वळला. "माय, तुले..."

"माले वाचता येस नई, पन फाडेल कोपरा त दिखस ना? त्याच दिवाळीले तुन्ही पेटी झाडी, तव्हयच देखं मी ते कार्ड."

"मंग बोलनी का नई?"

"तू दपाडं, म्हनीसन मी बी दपाडं. माले वाटनं, पोरले बाप जित्ता पाहिजे."

"आनि माले वाटनं, तुले तुन्हं कुंकू पाहिजे."

तानुबाई खाली बसली. तिचा आवाज तेवढा फाटला. "आपन दोन्हीसनी त्याले पंधरा वरीस पानी नई दिधं रे."

तिने घागर काठोकाठ भरली आणि थांबली. घागर नावाने भरायची असते, आणि नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. "नाव तू ले," ती म्हणाली. चुडामणने बापाचं नाव घेतलं आणि लहान पोरासारखा रडला. तानुबाईने बांगड्या फोडल्या नाहीत. एकेक उतरवली आणि घागरीशेजारी रेतीत ठेवली. मग ओल्या हाताने स्वतःचं कपाळ पुसलं.

पुढच्या वर्षी आखाजीला अमळनेरच्या घरात पुनाची घागर रीतसर भरली. आक्काबाई स्वतः डांगर घेऊन आली. दुपार झाली तसा चुडामण दारात जाऊन बसला. पायरीवर ऊन होतं. बारा वाजले, एक वाजला, सावली अंगणात उतरली, तरी ओंजळ करून कुणी आलं नाही. प्रमिलाबाई दोनदा जेवायला बोलावून गेली. तो उठला नाही. त्याचा बाप त्या दिवशी मेला.