मागच्या खोलीतलं वायफाय

मारोती लाइनमननं तीस वर्षं कंधार तालुक्यात टेलिफोनच्या तारा ओढल्या. निवृत्तीनंतर स्वतःच्याच घरात दोन खोल्या ओलांडून वायफाय नेताना मात्र त्यानं हात टेकले.

त्याच्या बायकोला, भामाबाईला, अर्धांगवायू होऊन चार महिने झाले होते. वाचाच गेली होती. लातूरच्या मॅडम दर मंगळवारी अकराला व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून बोलण्याचे व्यायाम करून घेणार होत्या. पण तिची खाट मागं, न्हाणीजवळ. तिथं ना पुढच्या खोलीतल्या राउटरचा धड सिग्नल, ना मोबाइलची धड रेंज. तिला उचलून पुढं आणणं एकट्याला झेपत नव्हतं. तीन मंगळवार कॉल मध्येच तुटला. चौथाही बुडाला तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, असं मॅडमनी कळवलं.

त्यानं मागपर्यंत केबल ओढून जुना राउटर जोडला. निळ्या पोर्टात वायर घातली तर वायफाय दिसे, नेट चालेना. पिवळ्यात घातली तर अख्ख्या घराचं नेट बंद पडलं. चौथ्या मंगळवारी सकाळी त्यानं लातूरला नर्स असलेल्या लेकीला, लुंबिनीला, फोन लावला.

"बाबा, दोन्ही राउटरचा पत्ता एकच हाय. आन् दोघंबी घरातल्या मोबाइलला नंबर वाटून राहिलेत. जुन्याचा पत्ता बदला, त्याचं नंबर वाटणं बंद करा. वायर पिवळ्यातच ठिवा."

एकच नंबर दोघांना गेला की काय गोंधळ होतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण स्क्रीनवर सगळं इंग्रजी. पासवर्ड दोनदा चुकला. राउटर पहिल्यापासून सुरू करावा लागला. आतून भामाबाईचा घोगरा आवाज येत होता. "थांब की जरा," तो ओरडला. आवाज थांबला.

साडेदहाला तो आत गेला तेव्हा अंथरूण ओलं झालं होतं. ती छताकडं बघत होती. त्यानं तिला पुसलं, लुगडं बदललं, चादर काढली. मग पुन्हा राउटर घेऊन बसला. अकराला दोन मिनिटं कमी असताना पत्ता बदलला, नंबर वाटणं बंद झालं, वायर बसली, नेट आलं.

मॅडमचा चेहरा स्वच्छ दिसला. त्या म्हणाल्या, "मावशी, 'आ' म्हणा."

भामाबाईनं ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मॅडमनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. पुढच्या मंगळवारी पुन्हा बघू म्हणाल्या.

मारोती खाटेच्या कडेला बसला.

"चुकलं माझं, भामा."

त्यानं तिचा चांगला हात धरायला हात पुढं केला. तिनं तो पदराखाली ओढून घेतला.